संशोधनातील सहकार्य : काय द्यावे, काय मागावे आणि आधी काय ठरवावे

कोल्हापूर आणि आसपासच्या तालुक्यांतील महाविद्यालयांत शिकवता शिकवता संशोधन करणारे प्राध्यापक आणि पीएच.डी.चे विद्यार्थी यांच्यासाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे. सहकार्य म्हणजे ज्याच्याकडे मोठे यंत्र आहे त्याच्याकडे जाऊन विनंती करणे, अशी आपल्याकडे बऱ्याच जणांची समजूत असते. या समजुतीमुळे संशोधक स्वतःकडे देण्याजोगे काय आहे याचा विचारच करत नाही, मिळेल त्या अटी मान्य करतो आणि पुढे शोधनिबंधावरील नावांचा प्रश्न आला की दुखावला जातो. माझे ठाम मत असे आहे की कोल्हापूरच्या संशोधकाकडे इतरांना हवे असलेले पुष्कळ काही असते. ते त्याने आधी ओळखावे, दुसऱ्याला वापरता येईल अशा स्थितीत ठेवावे आणि देवाणघेवाणीच्या अटी पहिला नमुना हाती घेण्यापूर्वी लिहून काढाव्यात.

शास्त्रज्ञ एकत्र का येतात

पहिले कारण असे की निसर्गातील प्रश्न एका विषयाच्या चौकटीत किंवा एका गावाच्या हद्दीत मावत नाहीत. आपल्या सर्वांत जवळचे उदाहरण उसाचे आहे. उसाची लागण कांड्यांपासून होते, परंतु नवे वाण निर्माण करायचे असेल तर निवडक जातींचा संकर करून बी मिळवावे लागते, आणि त्यासाठी दोन्ही जातींना एकाच काळात तुरा येणे व बी धरणे आवश्यक असते. हे कोइमतूरच्या हवामानात चांगले साधते. म्हणून १९१२ साली तेथे ऊस पैदाशीचे केंद्र सुरू झाले आणि आजही देशातील वेगवेगळ्या ऊस संशोधन केंद्रांसाठी लागणारे संकर तेथील राष्ट्रीय संकर उद्यानात केले जातात. तयार झालेले बी त्या त्या केंद्राकडे जाते, आणि रोपे वाढवणे, त्यांतून निवड करणे व स्थानिक जमिनीत, पाण्यात आणि रोगराईत त्यांची पारख करणे हे काम ती केंद्रे करतात. आपल्या शिवारांत वर्षानुवर्षे दिसणारे को ८६०३२ हे वाण कोइमतूरचे, परंतु महाराष्ट्रातील त्याची पारख सातारा जिल्ह्यातील पाडेगावच्या केंद्रात झाली, आणि कोणत्या उसाचा गूळ चांगला उतरतो याचा अभ्यास कोल्हापूरच्या प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्रात होतो. यांपैकी कोणत्याही एका ठिकाणी हे सारे काम पूर्ण झाले नसते.

दुसरे कारण जागेचे आहे. भारतीय भूचुंबकत्व संस्थेने शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात एक रडार बसवून वातावरणाच्या वरच्या थरांतील, म्हणजे साधारण साठ किलोमीटरपासून शंभर किलोमीटरच्या आसपासच्या उंचीवरील वाऱ्यांची मोजणी केली. असेच रडार तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळही होते. वेगवेगळ्या अक्षांशांवरील मोजमापे शेजारी ठेवली तेव्हाच वातावरणातील भरती-ओहोटीसारख्या लहरी उत्तरेकडे सरकताना कशा बदलतात हे अभ्यासता आले. या कामात कोल्हापूर नकाशावर जेथे आहे ती जागा हीच एक साधनसामग्री होती, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

महागडी उपकरणे हे तिसरे कारण सर्वांना माहीत असते, परंतु त्यामागील विचार कमी जणांना माहीत असतो. कोल्हापुरात १९३८ साली जन्मलेले जयंत नारळीकर यांच्या नेतृत्वाखाली विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८८ साली पुण्यात खगोलशास्त्र व खगोलभौतिकीचे आंतरविद्यापीठ केंद्र, म्हणजे आयुका, स्थापन केले. प्रत्येक विद्यापीठाला स्वतंत्र दुर्बीण, संगणकसुविधा आणि ग्रंथालय देणे शक्य नव्हते. म्हणून ही साधने एका ठिकाणी उभी करायची आणि देशभरातील विद्यापीठांच्या व महाविद्यालयांच्या शिक्षकांनी तेथे येऊन ती हक्काने वापरायची, अशी ही रचना आहे. आयुकाचे सहयोगी होणारे शिक्षक स्वतःची नोकरी न सोडता तेथे ठरावीक काळ राहून काम करतात. लहान गावातील शिक्षकाला संशोधनापासून तुटू न देणारी इतकी विचारपूर्वक केलेली दुसरी व्यवस्था क्वचितच आढळेल, आणि तिचा उपयोग आपल्या भागातील भौतिकशास्त्राच्या व गणिताच्या अधिक शिक्षकांनी करून घ्यायला हवा, असे मला मनापासून वाटते.

चौथे कारण म्हणजे पडताळणी. १४ सप्टेंबर २०१५ रोजी गुरुत्वीय लहरी प्रथम टिपल्या गेल्या तेव्हा अमेरिकेतील एकमेकांपासून सुमारे तीन हजार किलोमीटर अंतरावरच्या दोन शोधक यंत्रांनी तोच संकेत काही मिलिसेकंदांच्या फरकाने नोंदवला होता. एकाच शोधकात तो दिसला असता तर तो स्थानिक कंप नाही हे सिद्ध करणे फार कठीण झाले असते. त्या शोधनिबंधावर एक हजाराहून अधिक लेखकांची नावे आहेत आणि त्यांत भारतीय संस्थांमधील शास्त्रज्ञही आहेत. आपले काम लहान असले तरी तत्त्व हेच असते : आपल्या प्रयोगशाळेत मिळालेला आकडा दुसऱ्या प्रयोगशाळेत, दुसऱ्या हातांनी मिळाला म्हणजे त्याचे वजन वाढते.

आपल्याकडे काय आहे ते आधी लिहा

सहकारी शोधण्यापूर्वी एका पानावर स्वतःकडील साधनांची नोंद करावी. येथे बहुतेक जण उपकरणांची यादी करू लागतात आणि ती लवकर संपते. उपकरणे शेवटी लिहावीत. सुरुवात जागेपासून करावी. राधानगरी, आंबा, गगनबावडा आणि तिलारीचे जंगल आपल्याला काही तासांच्या अंतरावर आहे, आणि सह्याद्रीच्या सड्यांवरील, म्हणजे खडकाळ पठारांवरील, अनेक वनस्पती पावसाळ्यातील मोजक्याच आठवड्यांत फुलतात. कंदीलपुष्पाच्या एखाद्या दुर्मीळ जातीला फूल आले त्या आठवड्यात परगावच्या शास्त्रज्ञाला येथे पोहोचता येईलच असे नाही. कोल्हापूरचा शिक्षक मात्र शनिवारी दुपारी निघून रविवारी फुलासह नमुना आणू शकतो. शिवाजी विद्यापीठातील वनस्पतिशास्त्र विभागाचे हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह, आणि वनस्पती उद्यान यांनी या भागातील वनस्पतींच्या अभ्यासात जे स्थान मिळवले आहे, त्याच्या मुळाशी वर्षानुवर्षे केलेली ही पायपीट आहे.

नंतर काळाची नोंद करावी. पंचगंगेच्या एकाच घाटावरून दर महिन्याला घेतलेल्या पाण्याचे आकडे, एखाद्या गावातील पर्जन्यमापकाची दीर्घ नोंदवही, महापुराच्या आधीची व नंतरची मातीची मोजमापे या गोष्टी कोणालाही नंतर पैसे देऊन विकत घेता येत नाहीत. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांपूर्वीची मोजमापे ज्याच्याकडे आहेत त्याच्याकडे जलशास्त्रज्ञाला हवी असलेली वस्तू आहे. त्यानंतर ओळखीपाळखी लिहाव्यात : शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतील फाउंड्रीत वाळूचे आणि ओतकामाचे नमुने घेण्याची परवानगी मिळवून देणारा माजी विद्यार्थी, गुऱ्हाळ चालवणारे नातेवाईक, किंवा सीमाभागातील गावांत मराठी व कन्नड दोन्ही भाषांत मुलाखती घेऊ शकणारी विद्यार्थिनी. शेवटी कौशल्ये आणि उपकरणे. फसलेल्या प्रयोगांची नीट लिहिलेली नोंदसुद्धा यात धरावी, कारण काचेवर चढवलेला पदार्थाचा पातळ थर कोणत्या तापमानाला सुटून येतो हे ज्याला माहीत आहे तो दुसऱ्याचे कित्येक महिने वाचवू शकतो.

कोणाकडे जावे

पुढील सर्व टप्पे मी एकाच कल्पित उदाहरणावर समजावतो. एका महाविद्यालयातील रसायनशास्त्राचे शिक्षक पंचगंगेच्या पाण्यातील शिसे, कॅडमियम आणि क्रोमियम यांचा अभ्यास करू इच्छितात. नमुने घेण्याची सोय आणि विद्यार्थी त्यांच्याकडे आहेत, परंतु इतक्या सूक्ष्म प्रमाणातील धातू मोजणारे यंत्र नाही आणि आकडेवारीचे विश्लेषण करणारा जोडीदारही नाही.

अशा वेळी केवळ मोजमाप हवे आहे की विचार करणारा सहकारी हवा आहे, हे प्रथम ठरवावे. केवळ मोजमाप हवे असेल तर शुल्क भरून वापरता येणाऱ्या सुविधा आहेत. शिवाजी विद्यापीठातील सामायिक सुविधा केंद्र बाहेरच्या संशोधकांचेही नमुने तपासते, आणि देशभरातील कोणत्या संस्थेत कोणते उपकरण उपलब्ध आहे हे आय-स्टेम या राष्ट्रीय पोर्टलवर शोधता येते. पदार्थविज्ञानातील संशोधकांना इंदूरच्या इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे तीव्र क्ष-किरण देणाऱ्या मोठ्या यंत्रावर, प्रस्ताव पाठवून किरणवेळ, म्हणजे ते किरण वापरण्याची वेळ, मागता येतो. जिवाणूंची किंवा बुरशीची प्रमाणित वाणे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संग्रहातून मिळतात, आणि पेशींची वाणे पुण्यातीलच राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून मिळतात. शेजारच्या प्रयोगशाळेतून हातोहात आणलेले वाण फुकट असते, परंतु ते मूळ वाणच आहे आणि त्यात दुसरे काही मिसळलेले नाही याची खात्री नसते. म्हणून प्रयोगाचा पाया ज्यावर उभा आहे ती गोष्ट नोंदणीकृत संग्रहातूनच घ्यावी.

विचार करणारा सहकारी हवा असेल तर शोधगंगा या भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर आपल्या विषयातील अलीकडचे प्रबंध वाचावेत. प्रबंधात शोधनिबंधापेक्षा पद्धतीचे वर्णन सविस्तर असते, आणि कोणाचा हात कशावर बसला आहे हे त्यातून समजते. पद अथवा प्रसिद्धी पाहून निवड करण्यापेक्षा, आपला प्रश्न ज्याच्या स्वतःच्या प्रश्नाला लागून आहे अशा व्यक्तीला लिहिणे अधिक फलदायी ठरते.

पहिले पत्र लहान असावे आणि त्यात आपण काय देणार हे मागणीच्या आधी यावे. वरील उदाहरणातील शिक्षक असे लिहू शकतील :

“आदरणीय मॅडम, सविनय नमस्कार. मी कोल्हापूर येथील महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. पंचगंगेवरील सहा ठिकाणांहून आम्ही दर महिन्याला पाण्याचे नमुने घेत असून त्यांचा सामू, विद्युत्वाहकता आणि विरघळलेला प्राणवायू यांच्या नोंदी आमच्याकडे आहेत. नदीतील गाळातून पाण्यात येणाऱ्या धातूंविषयी आपण केलेले काम मी वाचले आहे. आमच्या नमुन्यांतील धातूंचे मापन आपल्या प्रयोगशाळेत होऊ शकल्यास पूर येण्यापूर्वीच्या आणि नंतरच्या स्थितीची तुलना करता येईल. नमुने घेणे, जतन करणे आणि पाठवणे याची जबाबदारी आमची राहील. सोबत एका ठिकाणाच्या नोंदींचा तक्ता जोडला आहे. आपल्याला यात रस असल्यास कामाची वाटणी व शोधनिबंधातील श्रेय याबाबत आपण सुरुवातीलाच बोलून घ्यावे, अशी विनंती आहे.”

या पत्रातील तक्ता सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण आपण नोंदी कशा ठेवतो हे तो शब्दांविना सांगतो. पत्र पाठवण्यापूर्वी विद्यार्थ्याने आपल्या गाईडला ते दाखवावे. परस्पर पाठवलेल्या पत्रामुळे नंतर दोन्हीकडे अवघडलेपण येते.

अटी कागदावर आणा

पैऱ्याने, म्हणजे आळीपाळीने एकमेकांच्या शेतात, भांगलण करणाऱ्या शेतकऱ्यांचा हिशोब तोंडी चालतो, कारण सर्वजण एकाच शिवारातले असतात आणि रोज भेटतात. संशोधनातील सहकारी दुसऱ्या शहरात असतो आणि विद्यार्थी काही वर्षांनी बदलतात, म्हणून येथे तोच हिशोब लिहून ठेवावा लागतो. त्यासाठी वकिली भाषेची गरज नाही. दोन्ही बाजूंनी होकार दिलेला एक पानाचा ई-मेल पुरेसा असतो. नमुने कोणाच्या मालकीचे राहतील, मोजमापांच्या मूळ फाइली कोणाला मिळतील, तपासणीचे शुल्क आणि कुरिअरचा खर्च कोण करील, विद्यार्थ्याला हे आकडे प्रबंधात वापरता येतील का, आणि एका बाजूला काम सोडावे लागले तर पुढे काय, एवढे त्यात असावे.

लेखकत्वाचा प्रश्न मात्र थोडा वेळ देऊन सोडवावा. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने चार कसोट्या सांगितल्या आहेत आणि त्या चारही पूर्ण व्हाव्या लागतात : कामाची आखणी, मोजमाप अथवा अर्थ लावणे यांत भरीव वाटा; मसुदा लिहिण्यात किंवा त्यात वैचारिक सुधारणा करण्यात सहभाग; अंतिम मजकुराला संमती; आणि संपूर्ण कामाबाबत उत्तर देण्याची जबाबदारी. या कसोट्या वैद्यकशास्त्राबाहेरही उपयोगी पडतात. शुल्क घेऊन नमुना यंत्रात ठेवणाऱ्या तंत्रज्ञाचा उल्लेख ऋणनिर्देशात करणे योग्य आहे. परंतु त्याच तंत्रज्ञाने आकड्यांतील विसंगती ओळखून पद्धत बदलायला लावली, तर त्याला मसुद्यात सहभागी करून घेऊन लेखकांत स्थान द्यावे. विभागप्रमुख म्हणून किंवा प्रयोगशाळेची किल्ली दिली म्हणून नाव घालण्याची प्रथा चुकीची आहे, आणि ती मोडायची तर कामाच्या आरंभीच मोडावी लागते. शेवटी ते जमत नाही. कोणी काय केले हे सांगण्यासाठी आता अनेक नियतकालिके चौदा भूमिकांची एक ठरावीक यादी वापरतात. ती यादी सुरुवातीलाच समोर ठेवून प्रत्येक भूमिकेपुढे नावे लिहिली की बरेचसे गैरसमज टळतात.

नमुने देताना

सहकार्य सर्वाधिक वेळा येथे फसते. नमुना दुसऱ्याच्या हाती पोहोचतो, परंतु तो मोजण्याजोगा राहिलेला नसतो. विरघळलेल्या धातूंसाठी पाणी घ्यायचे असेल तर प्लास्टिकच्या बाटल्या आधी आम्लाने धुऊन शुद्ध पाण्याने विसळलेल्या असाव्यात, पाणी ०.४५ मायक्रॉनच्या गाळणपटलातून लगेच गाळावे आणि त्यानंतर शुद्ध नायट्रिक आम्लाने त्याचा सामू २ च्या खाली आणावा. आम्ल आधी घालून नंतर गाळले तर गाळाच्या कणांवर चिकटलेले धातू पाण्यात उतरतात आणि आकडा खोटा वाढतो. अशा रीतीने जतन केलेला नमुना बहुतेक धातूंसाठी सहा महिने टिकतो, परंतु पारा व षट्संयुजी क्रोमियम यांना वेगळी पद्धत व कमी मुदत लागते. जैविक प्राणवायू मागणीचा नमुना तर थंड ठेवून लवकरात लवकर, शक्यतो त्याच दिवशी, तपासणीस लावावा लागतो, म्हणून तो दुसऱ्या शहरात पाठवण्याचा विचारच करू नये. नदीवर नेऊन तसेच परत आणलेल्या शुद्ध पाण्याची एक बाटलीही सोबत पाठवावी. तिच्यात शिसे आढळले तर ते नदीचे नसून आपल्या बाटलीचे, आम्लाचे किंवा हातांचे आहे हे कळते.

प्रत्येक नमुन्याचे भाग करून एक पाठवावा आणि एक स्वतःकडे ठेवावा. बाटलीवरील क्रमांक पाण्याने न पुसणाऱ्या शाईने लिहावा आणि तोच क्रमांक नोंदवहीत अक्षांश, रेखांश, दिनांक, वेळ, पाण्याची पातळी व नमुना घेणाऱ्याचे नाव यांच्यासह असावा. वनस्पतीच्या डीएनएसाठी पाने सिलिका जेलमध्ये झटपट वाळवून पाठवावीत, परंतु त्याच झाडाचा दाबून वाळवलेला नमुना हर्बेरियममध्ये जमा करून त्याचा क्रमांक घेतल्याखेरीज पाने पाठवू नयेत. अन्यथा पुढे जातीच्या ओळखीविषयी शंका आली तर तपासायला काहीच उरत नाही.

परवानग्यांबाबत ढिलाई अजिबात नको. अभयारण्यातून काहीही गोळा करण्यापूर्वी वनविभागाची लेखी परवानगी लागते. जैविक नमुने परदेशी पाठवण्याचा विषय निघाला की जैविक विविधता अधिनियम, २००२ लागू होतो आणि चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे चौकशी करूनच पुढे जावे. परदेशी सहकाऱ्याने कितीही घाई केली तरी पाकीट खिशात घालून नेणे हा मार्ग नव्हे. माणसांचे रक्त, लाळ किंवा आरोग्याची माहिती असेल तर संस्थेच्या नीतिमत्ता समितीची मान्यता काम सुरू होण्यापूर्वी हवी, आणि संमतिपत्रात ही सामग्री दुसऱ्या संस्थेला दिली जाणार असल्याचे रुग्णाला समजेल अशा मराठीत लिहिलेले असावे.

डेटा, प्रोग्रॅम आणि वाचनसामग्री

डेटा देणे म्हणजे आपली मेहनत दुसऱ्याच्या हवाली करणे, ही भीती मी समजू शकतो, परंतु विज्ञानाचा अनुभव वेगळे सांगतो. प्रथिनांच्या रचनांचा जागतिक संग्रह १९७१ साली केवळ सात रचनांनी सुरू झाला. जगभरच्या संशोधकांनी त्यात भर घालत नेल्यामुळेच पुढे प्रथिनाची रचना संगणकाने वर्तवण्याचे तंत्र शिकवता आले आणि त्या कामाला २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. मानवी जीनोम प्रकल्पातील प्रयोगशाळांनी १९९६ साली बर्म्युडा येथे ठरवले की वाचलेला क्रम शक्यतो चोवीस तासांत सर्वांसाठी खुला करायचा. त्याच वेळी, संशोधकाला स्वतःच्या आकड्यांवर आधी काम करण्यासाठी ठरावीक मुदत राखून ठेवणेही सर्वमान्य आहे. नारायणगावजवळच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीवरील निरीक्षणे अशी मुदत संपल्यावरच इतरांना खुली होतात. तुम्हीही सहकाऱ्याशी अशी मुदत ठरवून घ्यावी.

तक्ता देताना प्रत्येक स्तंभाचे नाव, एकक, मोजमापाची पद्धत आणि यंत्राला मोजता येणारे किमान प्रमाण स्वतंत्र पानावर लिहावी. मोजता न आलेल्या किमतीच्या जागी शून्य भरू नये, कारण “आढळले नाही” आणि “शून्य” यांत विश्लेषकाच्या दृष्टीने मोठा फरक आहे. रंग भरून दिलेली खूण फाइल बदलली की नाहीशी होते, म्हणून खुणेसाठी वेगळा स्तंभ करावा. मूळ फाइल कधीही बदलू नये. दुरुस्ती नव्या प्रतीत करून तिच्या नावात दिनांक घालावा. विश्लेषणासाठी लिहिलेला प्रोग्रॅमही सोबत द्यावा. शोधनिबंध प्रसिद्ध होताना हे सर्व झेनोडोसारख्या खुल्या संग्रहात ठेवले तर त्याला कायमचा ओळखक्रमांक मिळतो आणि तुमच्या डेटाचा स्वतंत्र उल्लेख इतरांना करता येतो.

शोधनिबंध मिळवण्याची अडचण आता बरीच कमी झाली आहे. १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत केंद्र व राज्य सरकारच्या उच्चशिक्षण संस्थांना सुमारे १३,००० नियतकालिके उपलब्ध आहेत. ज्यांचे महाविद्यालय या योजनेत बसत नाही त्यांनी शिवाजी विद्यापीठाच्या बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात चौकशी करावी, किंवा लेखकालाच प्रत मागावी. बहुतेक लेखक ती आनंदाने पाठवतात.

काम संपताना

विद्यार्थी प्रयोगशाळा सोडतो त्याच्या निदान एक महिना आधी त्याच्याकडून नोंदवही, मूळ फाइली आणि उरलेल्या नमुन्यांची यादी समजून घ्यावी, आणि ती घेणारी व्यक्ती कोण आहे हे सहकाऱ्याला कळवावे. शोधनिबंध स्वीकारला गेल्यावर सहकाऱ्याकडील उरलेले नमुने परत मागवायचे, तेथेच जपायचे की नष्ट करायचे हे विचारून घ्यावे. आम्ल घातलेले पाणी असेल तर ते सिंकमध्ये न ओतता तेथील रासायनिक कचऱ्याच्या व्यवस्थेत जाईल, याची खात्री करून तशी नोंद दोन्हीकडच्या वह्यांत करावी.